चुंबकाला नेमकं कोणी घाबरायचं?

नाशिकमध्ये एम. जी. रोडवरच्या कुठल्याही मोबाइल रिपेअरिंगच्या काउंटरवर थोडा वेळ उभं राहिलं की हे दृश्य दिसतं. कारागीर मोबाइलची मागची बाजू गरम करून उचकटतो, आतले बारके स्क्रू काढतो आणि चौकोन आखलेल्या एका पातळ शीटवर एकेक करून मांडत जातो. शीट चुंबकाची असते, म्हणून पंखा चालू असला तरी स्क्रू जागचे हलत नाहीत. ही मांडणी उगाच नसते. आखूड स्क्रूच्या भोकात चुकून लांब स्क्रू पिळला गेला तर तो थेट बोर्डात घुसतो आणि पाचशेच्या कामाचे पाच हजार होतात. स्क्रूड्रायव्हरचं टोकही चुंबकाचंच. तेवढ्यात समोर उभ्या ताई कळवळून म्हणतात, "अहो दादा, मॅग्नेटवर कशाला ठेवताय? सगळे फोटो उडतील ना माझे!" दादा मान वर न करता सांगतो, "काही होत नाही ताई."

दादाचं बरोबर आहे. पण का बरोबर आहे असं विचारलं तर "रोजचंच काम आहे" याच्यापुढे तो फारसं काही सांगणार नाही आणि ताई घरी जाईपर्यंत गॅलरी उघडून बघत राहतील. ताईंची भीतीही काही आकाशातून पडलेली नाही. कॅसेट आणि फ्लॉपीच्या काळात शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बूट बाहेर काढायला लावायचे आणि फ्लॉपीजवळ चुंबक आणू नका असं बजावायचे. बुटांचं जाऊ दे, पण चुंबकाची सूचना तेव्हा खरी होती. पुढे फ्लॉपी गेली, कॅसेट गेली, टीव्हीचं मागचं पोट गेलं, सूचना मात्र घराघरात राहिली. त्यामुळे आज आपण ज्या वस्तूंना चुंबकापासून जपतो त्यांना बहुतेक वेळा काही होत नाही आणि ज्यांना जपायला हवं त्यांच्याकडे आपलं लक्षच नसतं.

सगळा उलगडा एका प्रश्नातून होतो. माहिती साठवली आहे कशात? चुंबकत्वात की विद्युतभारात?

आधी चुंबकत्वाचं घेऊ. कॅसेट म्हणजे प्लॅस्टिकच्या फितीवर लोहाच्या ऑक्साइडच्या बारीक कणांचा थर. गाणं भरताना टेपरेकॉर्डरचं हेड त्या कणांना कमी-जास्त चुंबकत्व देत जातं आणि वाजवताना तेच वाचून आवाज काढतं. व्हिडिओ कॅसेट, फ्लॉपी, एटीएम कार्डामागची काळी पट्टी आणि हार्डडिस्क, सगळ्यांचं मूळ तत्त्व हेच. आयबीएमने १९५६ साली पहिली हार्डडिस्क बाजारात आणली तेव्हा मोठ्या कपाटाएवढ्या त्या यंत्रात ५० तबकड्या होत्या आणि त्यात ५० लाख अक्षरं मावायची. आज नखाएवढ्या मेमरी कार्डात त्याच्या हजारो पट मावतं, पण ते कार्ड वेगळ्याच तत्त्वावर चालतं. त्याच्याकडे नंतर येऊ.

चुंबकीय माहिती पुसायची तर बाहेरून पुरेसा जोर लावावा लागतो. किती, ते त्या थराच्या पदार्थावर ठरतं. हा जोर गॉसमध्ये मोजतात. १०,००० गॉस म्हणजे एक टेस्ला. साध्या ऑडिओ कॅसेटला साधारण ३०० गॉस पुरतात. हॉटेलच्या खोलीच्या पट्टीवाल्या चावीकार्डालाही तेवढेच. बँकेच्या कार्डावरची चांगल्या प्रतीची पट्टी २७५० गॉसपर्यंत टिकते आणि आजच्या हार्डडिस्कचा थर चार-पाच हजारांच्या घरात असतो. दुसऱ्या बाजूला, फ्रिजच्या दारावर चिकटवायच्या शोभेच्या चुंबकाचा जोर पृष्ठभागावरही पन्नास-शंभर गॉसच भरतो. त्याने कॅसेटमध्ये थोडी खरखर येईल, पण बँकेच्या कार्डाचं काही वाकडं होणार नाही.

गणित बिघडवलं ते निओडिमियम चुंबकाने. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्सचे संशोधक, दोघांनी स्वतंत्रपणे निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचा हा चुंबक शोधला. चांदीसारखा चकचकीत दिसणारा हा छोटासा तुकडा आता पर्सच्या बटणात, मोबाइलच्या कव्हरात, इअरफोनच्या डबीत, सगळीकडे असतो. एक सेंटिमीटर व्यासाच्या आणि अर्धा सेंटिमीटर जाडीच्या गोळीच्या अगदी पृष्ठभागावर साडेचार हजार गॉसच्या आसपास जोर मिळतो. आकडा ऐकून पोटात गोळा येईल, पण अंतराचा हिशेब बघा. एक सेंटिमीटर दूर गेलात की साडेतीनशे गॉस उरतात. पाच सेंटिमीटरवर पाच-सहा. दहा सेंटिमीटरवर एक गॉसही नाही. आपल्या भागात पृथ्वीचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र ०.४ गॉसच्या थोडं वर असतं, म्हणजे वीतभर लांबवर ही गोळी पृथ्वीच्याही मागे पडते. चुंबकापासून जरा दूर गेल्यावर नियम असा की अंतर दुप्पट झालं की जोर आठव्या हिश्शावर येतो. चुंबकाच्या बाबतीत "जवळ" म्हणजे खरोखर चिकटून, हे एवढं लक्षात राहिलं तरी निम्म्या शंका आपोआप मिटतात.

इथे थोडं आडवळण घेतो, कारण नाशिककराला ते घ्यायलाच हवं. आपल्या पायाखालचा काळा पाषाण हीसुद्धा चुंबकीय नोंदच आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थरावर थर पसरत गेला. तो थिजताना त्यातले मॅग्नेटाइटचे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या दिशेने चुंबकित झाले आणि तसेच राहिले. भूशास्त्रज्ञांनी घाटातल्या थरांचे नमुने कापून मोजले तेव्हा सह्याद्रीतल्या बऱ्याच मोठ्या भागाचं चुंबकत्व आजच्या उलट दिशेचं निघालं, म्हणजे त्या काळी पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटे होते. यातल्या एका थरसमूहाला आपल्या इगतपुरीचंच नाव आहे. ही नोंद पुसायला घरातला चुंबक पुरत नाही, वीज मात्र पुरते. डोंगरमाथ्यावर वीज पडते तिथल्या दगडातली जुनी नोंद जाऊन नवी बसते. गडकोटांवर फिरणाऱ्यांपैकी कोणी होकायंत्र खडकावर टेकवलं आणि काटा भलतीकडेच गेला, तर तो बिघडलेला असेलच असं नाही. त्याखालचा दगडच चुंबक असू शकतो.

असो, हार्डडिस्ककडे परत. हार्डडिस्क उघडली तर आत काय सापडतं? निओडिमियमचेच दोन भक्कम चुंबक. वाचणारा हात पुढे-मागे हलवायला ते लागतात आणि ते तबकडीपासून बोटभर अंतरावर कायमचे बसवलेले असतात. (जुन्या हार्डडिस्कमधून हे काढायचा उद्योग बरीच मुलं करतात. जपून करा. दोन चुंबकांच्या मधे बोटाची कातडी सापडली की काळीनिळी होते.) तेव्हा बंद हार्डडिस्कच्या वर स्पीकर ठेवला, शेजारी मिक्सर लावला, बाहेरून छोटा चुंबक फिरवला तर तबकडीवरची माहिती जात नाही. चालू हार्डडिस्कला जबरदस्त चुंबक चिकटवायचा प्रयोग मात्र करू नये, कारण आतल्या हाताची हालचाल चुकू शकते. अ‍ॅल्युमिनियमचं आवरण चुंबकीय क्षेत्र अडवत नाही. पण हार्डडिस्कचा खरा शत्रू चुंबक नव्हेच. चालू असताना टेबलावरून पडलेली हार्डडिस्क घेऊन येणारे लोक डेटा रिकव्हरीवाल्यांना रोज भेटतात.

आता ताईंचे फोटो. मोबाइल, पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि हल्लीच्या लॅपटॉपमधली एसएसडी, या सगळ्यांत फ्लॅश मेमरी असते. तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात तिचा शोध लावला. हिच्यात चुंबकीय कण नसतातच. सिलिकॉनवर अतिसूक्ष्म कप्पे असतात, प्रत्येक कप्प्याभोवती विद्युतरोधक थर असतो आणि आत इलेक्ट्रॉन कोंडलेले असतात. कप्प्यात किती इलेक्ट्रॉन आहेत, त्यावरून एक की शून्य ते ठरतं. झाकण घट्ट लावलेल्या डब्यात तूरडाळ भरलेली असावी, तसा हा प्रकार. डब्यावरून चुंबक फिरवून आतली डाळ कमी होत नाही. भौतिकशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर चुंबकीय क्षेत्र हलत्या विद्युतभारावर बल लावतं, जागच्या जागी बसलेल्यावर लावत नाही. शिवाय स्थिर चुंबक इलेक्ट्रॉनला जास्तीची ऊर्जाही देऊ शकत नाही. त्यामुळे विद्युतरोधक थर ओलांडून बाहेर पडायचं बळ त्याला मिळत नाही. फोटो जातात ते पाण्याने, स्वस्तातल्या बनावट मेमरी कार्डाने, चार्जरच्या गडबडीने, नाहीतर नातवाने "डिलीट" दाबल्याने.

आणखी एक गोष्ट. ज्या मोबाइलला चुंबकापासून जपायचं म्हणतो त्याच्या पोटात आधीच चार-पाच चुंबक असतात. कानाशी लागणाऱ्या स्पीकरमध्ये एक, खालच्या स्पीकरमध्ये एक, थरथरणाऱ्या मोटरमध्ये, कॅमेऱ्यात, आणि काही मोबाइलच्या पाठीत तर चार्जर चिकटावा म्हणून चुंबकांचं अख्खं कडं असतं.

मग मोबाइलला चुंबकाने काहीच होत नाही का? होतं. पहिलं नुकसान होकायंत्राचं. मोबाइलमध्ये चुंबकीय क्षेत्र मोजणारी एक बारकी चिप असते आणि नकाशावरचा बाण कुठे तोंड करून आहे ते तिच्यावरून ठरतं. गाडीच्या डॅशबोर्डवर चुंबकाच्या स्टँडला मोबाइल लावला आणि द्वारका सर्कलला सिग्नलवर थांबला की बाण गरगर फिरतो, मुंबई नाका डावीकडे की उजवीकडे कळेना होतं. गाडी चालू लागली की बाण बहुधा सरळ होतो, कारण वेगात असताना दिशा उपग्रहांकडून मिळालेल्या ठिकाणांवरून काढता येते. चुंबक बाजूला करून मोबाइल हवेत इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फिरवला की होकायंत्र पुन्हा ताळ्यावर येतं. दुसरा परिणाम कॅमेऱ्यावर. फोकस करायला आणि हात हलला तर सावरायला आतलं भिंग इवल्याशा चुंबकाने आणि कॉइलने हलवतात, आणि ते कुठवर आलं हे एक चुंबकीय सेन्सर सांगतो. कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी चुंबक असलेलं कव्हर लावलं की सेन्सर फसतो आणि फोटो अस्पष्ट येऊ लागतात. कव्हर काढलं की बहुतेक वेळा सगळं पूर्ववत होतं. म्हणून रिपेअरिंगला टाकण्याआधी कव्हर काढून एक फोटो काढून बघा. दुकानदार सांगेलच असं नाही.

क्षेत्र मोजणाऱ्या यंत्रांचं हे दुखणं जुनं आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजमापं बिघडणार हे दिसत होतं. म्हणून १९०४ साली ते काम अलिबागला हलवलं आणि ते आजही तिथेच चालतं. विमानातून चुंबक पाठवतानाही हीच काळजी असते. पार्सलपासून ४.६ मीटरवर ०.००५२५ गॉसपेक्षा जास्त क्षेत्र भरलं तर ते सहजासहजी विमानात घेत नाहीत. अंबडच्या कारखान्यांतून चुंबकीय भाग हवाईमार्गे पाठवणाऱ्यांना हा आकडा पाठ असतो.

लॅपटॉपची गंमत वेगळी. झाकण बंद केलं की स्क्रीन विझते, कारण झाकणात एक चुंबक आणि खालच्या भागात तो ओळखणारा सेन्सर असतो. मनगटावर चुंबकाने बंद होणारा घड्याळाचा पट्टा असेल आणि हात नेमका त्या सेन्सरवर टेकला तर लॅपटॉपला वाटतं झाकण मिटलं, आणि मीटिंगच्या ऐन मध्यावर तो झोपी जातो. व्हायरस नाही, बॅटरी नाही, पट्टा काढून ठेवायचा.

पोटवाले जुने टीव्ही अजून कोणाकडे असतील तर त्यांना चुंबकापासून लांबच ठेवा. आत इलेक्ट्रॉनचे झोत असतात, ते चुंबकाने वाकतात आणि पडद्यामागची लोखंडी जाळी चुंबकित झाली की कोपऱ्यात हिरवे-जांभळे डाग बसतात. हल्लीच्या सपाट टीव्हीत झोतही नाहीत आणि जाळीही नाही.

घड्याळांचं मात्र सातपूर-अंबडच्या कामगारांनी नीट वाचावं. सरफेस ग्राइंडरवर, म्हणजे घासून सपाट करायच्या यंत्रावर, जॉब मॅग्नेटिक चकने (चुंबकी पकडीने) धरतात, मापाच्या डायल गेजचा स्टँड चुंबकाने बसवतात. हात दिवसभर त्याच्या आसपास वावरतो आणि हाताला घड्याळ असतं. सेलवर चालणारं काट्यांचं घड्याळ चुंबकाजवळ थांबू शकतं, कारण काटे फिरवणारी मोटर चुंबकावरच चालते. दूर नेलं की पुन्हा चालू लागतं, फक्त वेळ लावावी लागते. चावीचं किंवा हाताच्या हालचालीवर चालणारं घड्याळ असेल तर दुखणं मागे राहतं. आतल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे वेढे चुंबकित होऊन एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळ पुढे पळायला लागतं. घड्याळाला चुंबकरोधक म्हणवून घ्यायचं तर आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ते साधारण ६० गॉसमध्ये टिकायला हवं. वरच्या हिशेबातली गोळी एका सेंटिमीटरवर साडेतीनशे गॉस देते, तेव्हा फरक किती तो बघा. वडिलांचं जुनं एचएमटी अचानक पुढे पळायला लागलं तर सर्व्हिसिंगचे पैसे मोजण्याआधी घड्याळजीला "डिमॅग्नेटाइज करून बघा" म्हणावं. काम काही मिनिटांचं असतं. वर्कशॉपमधल्या व्हर्नियरचे, म्हणजे माप घ्यायच्या पट्टीचे, जबडे चुंबकित झाले की त्यांना लोखंडाचा कीस चिकटतो आणि मापात फरक पडतो, तिथेही उपाय तोच.

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहायला घेतला तिथे येतो. कोणाच्या छातीत पेसमेकर असेल तर चुंबकाचा विचार गांभीर्याने करायलाच हवा. हृदयाचे ठोके फार मंद पडू लागले की पेसमेकर विजेचा सूक्ष्म ठोका देतो. दुसरं एक उपकरण असतं, आयसीडी. ते जीवघेण्या वेगाने धडधडणाऱ्या हृदयाला आतूनच शॉक देऊन ठिकाणावर आणतं. या दोन्हींमध्ये चुंबक ओळखणारा सेन्सर मुद्दाम बसवलेला असतो. तपासणीच्या किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टर छातीवर कडीसारखा चुंबक ठेवतात, की पेसमेकर हृदयाकडे न बघता ठरावीक गतीने चालू लागतो आणि आयसीडी शॉक देणं थांबवतो. चुंबक काढला की उपकरण परत आपल्या कामाला लागतं. ही सोय चांगली आहे, पण सेन्सरला डॉक्टरांचा चुंबक आणि मोबाइलचा चुंबक यांतला फरक कळत नाही. दहा गॉसच्या वरचं क्षेत्र त्याला जागं करायला पुरू शकतं.

२०२१च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. पाठीत चुंबकांचं कडं असलेला आयफोन १२ रुग्णाच्या छातीवर डाव्या बाजूला आयसीडीजवळ नेला की आयसीडीची शॉक द्यायची तयारी थांबत होती. त्यानंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मोबाइल आणि स्मार्ट घड्याळं अशा उपकरणांपासून १५ सेंटिमीटर लांब ठेवायला सांगितलं. मोबाइल बनवणारी कंपनीही तेच अंतर सांगते, आणि वायरलेस चार्जिंग चालू असेल तर ३० सेंटिमीटर.

आता आपल्याकडचं चित्र डोळ्यांपुढे आणा. गोदाकाठी सकाळी फिरायला आलेले आजोबा. अंगात पांढरा सदरा, सदऱ्याला डाव्या बाजूला वरचा खिसा, खिशात मोबाइल. पेसमेकरही बहुधा डाव्याच बाजूला, गळपट्टीच्या हाडाखाली बसवलेला असतो. मधे जेमतेम सदऱ्याचं कापड. साध्या मोबाइलमधल्या स्पीकरच्या चुंबकाने सहसा काही होत नाही, पण मुलाने पुण्याहून हौसेने पाठवलेलं चुंबकी कव्हर, झाकण टचकन मिटणारी इअरफोनची डबी किंवा पाठीत चुंबक असलेला नवा मोबाइल त्या खिशात गेला तर अंतर १५ सेंटिमीटरच्या फार आत येतं. मोबाइल पॅंटच्या खिशात ठेवायचा, कानाला लावायचा तो उजव्या. इअरफोनची डबीही वरच्या खिशात नको. एवढंच करायचं आहे. घाबरून मोबाइल सोडायची गरज नाही, पण बाबांना किंवा आजोबांना हे एकदा समोर बसून सांगाच. हॉस्पिटलमधून घरी येताना हातात पडणारं माहितीपत्रक कोणी वाचत नाही, हे आपल्याला माहीत आहे.

असाच एक धोका वर्कशॉपमध्ये. वेल्डिंगच्या केबलमधून २०० अँपिअर वाहत असतील तर केबलपासून दोन सेंटिमीटरवर २० गॉस क्षेत्र तयार होतं. पेसमेकर असलेल्या माणसाने ती केबल खांद्यावरून घेऊ नये. वेल्डिंगचं काम करावं की नाही हे तर डॉक्टरांनाच विचारावं.

स्थिर चुंबक आणि बदलतं चुंबकीय क्षेत्र यांतला फरकही इथे सांगायला हवा. मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवलं की बदलत्या चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या वाहकात वीज निर्माण होते. इंडक्शन शेगडीखालचं क्षेत्र सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलतं, म्हणून पातेल्याच्या तळात प्रवाह फिरतात आणि तळ तापतो. मोबाइलचा वायरलेस चार्जरही याच तत्त्वावर चालतो. चुंबकाच्या स्टँडसाठी मोबाइलच्या पाठीला लोखंडी पत्रा चिकटवून वर वायरलेस चार्जरवर ठेवलात तर पत्रा तापतो आणि मोबाइल नीट चार्ज होत नाही. मोबाइलच्या कव्हरात एटीएम कार्ड कोंबून चार्जरवर ठेवायची सवयही वाईट. पट्टी आणि कार्डातली बिनस्पर्शाची चिप, दोन्हींना इजा होऊ शकते. पेसमेकर असलेल्यांनी चालू इंडक्शन शेगडीपासून दोन फूट लांब राहावं.

कार्डाचा विषय निघालाच आहे तर, पर्सच्या चुंबकी बटणाने कार्ड बाद होतं ही तक्रार आता फारशी खरी राहिलेली नाही. रिझर्व्ह बँकेने पट्टीवाली कार्डं बदलून चिपवाली द्यायला ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत ठरवली होती. चिपमधली माहितीही विद्युतभारातच असते, चुंबकाला ती दाद देत नाही. पट्टी अजून कार्डावर असते, पण व्यवहार चिपवर होतो. नव्या ई-पासपोर्टचंही तसंच. तो छापतात आपल्या नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. त्याच्या आत एक चिप आणि तिच्याभोवती अँटेना असते. पर्सच्या बटणाने तिला काही होत नाही. पासपोर्ट दुमडून ठेवणं, त्यावर स्टेपल मारणं मात्र टाळा, तारा तुटल्या तर चिप वाचता येणार नाही. एमआरआयच्या खोलीत शिरताना मात्र कार्ड, मोबाइल, घड्याळ, सगळं बाहेरच. तिथलं क्षेत्र दीड ते तीन टेस्ला, म्हणजे १५ ते ३० हजार गॉस असतं आणि खिशातली लोखंडी वस्तू गोळीसारखी ओढली जाते. ही सूचना कंपाउंडर शिष्टाचार म्हणून देत नाही.

घराच्या माळ्यावर कोणाच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट किंवा आजीच्या आवाजातल्या ओव्यांची टेप असेल तर तिला जपा. चुंबकापासून जपाच, पण त्याहून पावसाळ्यापासून जपा. दमट हवेत फितीला बुरशी लागते, थर सुटायला लागतो. चुंबक शोधत बसण्यापेक्षा ती वेळेत डिजिटल करून घेतलेली बरी.

काही लोकांना चुंबकाने माहिती पुसली जावी अशी इच्छा असते. जुना कॉम्प्युटर विकण्याआधी हार्डडिस्कवरून स्पीकरचा चुंबक घासणारे मी पाहिले आहेत. त्याने काही पुसलं जात नाही. हार्डडिस्क पुसणारं खरं यंत्र, डीगॉसर, वेगळंच असतं. ते इतकं जबरदस्त क्षेत्र लावतं की माहितीबरोबर तबकडीवरच्या मूळ खुणाही जातात आणि हार्डडिस्क परत वापरता येत नाही. एसएसडीवर मात्र त्याचाही काही उपयोग नाही. घरच्या माणसासाठी साधा मार्ग असा की हार्डडिस्क पूर्ण फॉरमॅट करून वर नवी माहिती भरावी, मोबाइलमधून खाती काढून फॅक्टरी रिसेट करावं आणि फार गुप्त काही असेल तर डिस्क सरळ फोडूनच टाकावी.

दुसरी मंडळी मीटरवाली. विजेच्या मीटरवर चुंबक ठेवला की बिल कमी येतं, हा सल्ला अजून कट्ट्यावर ऐकू येतो. चकती फिरणाऱ्या जुन्या मीटरच्या काळापासून तो चालत आला आहे. इलेक्ट्रॉनिक मीटरमध्येही प्रवाह मोजणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा जबर चुंबकाने दबून मोजणी चुकू शकते, हे मीटर बनवणाऱ्यांना चांगलंच ठाऊक आहे. म्हणून त्यांनी आत चुंबक ओळखणारा सेन्सरच बसवला. चुंबक आला की आजच्या मीटरमध्ये त्याची तारीख आणि वेळ नोंदली जाते. ही नोंद विद्युतभारात साठवलेली असते, त्याच चुंबकाने पुसायची म्हटली तर पुसली जात नाही. महावितरणचा माणूस मीटरला वायर जोडून ती वाचतो. पुढचा विषय विद्युत कायदा, २००३ च्या वीजचोरीच्या कलम १३५ चा, त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.